आते हाई तुनी मायले सांग

बेटा,

तुझा मेसेज परवा रात्री आला, वाचला लगेच, पण उत्तर टाकलं नाही कारण दोन ओळीत सांगण्यासारखं नव्हतं. आणि खरं सांगते, सर गेल्यापासून त्यांच्याबद्दल मोबाईलवर काही टाईप करायला घेतलं की हात थांबतो माझा. आज घरात कोणी नाही, मुलगा-सून धुळ्याला गेलेत, बाहेर पाऊस लागलाय, म्हणून निवांत बसून लिहिते. लांब होईल, सावकाश वाच. आणि ते मॅडम मॅडम सोड बरं, ताई म्हण, सरांचे आपण दोघंही विद्यार्थीच.

तू लिहिलंयस की सरांच्या स्मरणिकेसाठी तुझ्याकडे लेख मागितलाय आणि तुला सुचतच नाहीये, कारण तू सरांच्या वर्गात कधी बसला नाहीस, तू शाळेत जायला लागलास तेव्हा सर रिटायर होत होते, मग मी काय लिहिणार, तुमच्यासारख्या जुन्या लोकांनी लिहावं. आणि ग्रुपवर आलेले बाकीचे लेख वाचून तर अजूनच घाबरलोय म्हणतोस.

ते लेख मी पण वाचले. ऋषितुल्य, ज्ञानतपस्वी, विद्यार्थ्यांचा आधारवड, चालतंबोलतं विद्यापीठ. लिहिणाऱ्या सगळ्यांचं सरांवर प्रेम आहे, त्यात मला तीळभर शंका नाही, मी त्यातल्या निम्म्या लोकांना रडताना पाहिलंय त्या दिवशी. पण त्या लेखांमध्ये सर दिसत नाहीत रे. २००८ ला सर निवृत्त झाले तेव्हा गौरव अंकात मी पण अस्साच लेख लिहिला होता, चार पानी, सुरुवातीला संस्कृत सुभाषित वगैरे. सरांनी तो माझ्यासमोरच वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, छान लिहिलंयस गं, पण यात मी कुठाय? माझं नाव खोडून दुसऱ्या कुणाचं टाकलं तरी चालतंय की. मला फार लागलं होतं तेव्हा ते. दोन दिवस जेवण गेलं नाही नीट. आता तू विचारतोयस म्हणून तेच वाक्य तुला देते, लेख लिहून झाला की प्रत्येक परिच्छेदाला हे विचार, यात सर कुठायत?

आणि तुझ्याकडे काही नाही असं कोण म्हणतं? दोन वर्षं रोज संध्याकाळी पाच ते साडेसहा तू त्यांना वाचून दाखवलंस. काचबिंदूनं डोळे गेल्यावर ज्या माणसाचं सगळं आयुष्य अक्षरांत गेलं त्याच्यापर्यंत अक्षरं कोणाच्या आवाजात पोचत होती? तुझ्या. आमच्यापैकी एकाकडेही हे नाहीये. दहाव्याच्या दिवशी नदीवर तूच मला सांगत होतास ना, की पेपर उघडला की सर आधी अग्रलेख नाही, कापसाचा आणि केळीचा भाव वाचायला लावायचे, आणि भाव पडलेला असला की थोडा वेळ काही बोलायचे नाहीत, मग म्हणायचे, हं, चल पुढं. मी तुझ्याकडे बघतच राहिले. सातारकडून आलेला साहित्याचा प्रोफेसर, ज्याच्या नावावर खान्देशात एक गुंठा शेत नाही, तो पंच्याहत्तरीत रोज कापसाचा भाव का ऐकतो, तर त्याचे अर्धेअधिक विद्यार्थी कापसावर जगतात म्हणून. हे एक वाक्य सरळ लिहिलंस तरी त्या सगळ्या आधारवडांपेक्षा सर जास्त दिसतील.

मग अजून आठव. कोणत्या शब्दावर तुला थांबवायचे? कोणती बातमी परत वाच म्हणायचे? चिडायचे कधी? २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन भरलं, १९५२ नंतर इतक्या वर्षांनी परत तिथं आलं, तेव्हा व्हीलचेअर ढकलत त्यांना प्रताप कॉलेजच्या मैदानात तू नेलंस, आम्ही सगळे मांडवात खुर्च्या पकडायच्या गडबडीत होतो. मी नंतर ऐकलं की सर मांडवात आलेच नाहीत, पुस्तकांच्या स्टॉलवरच तीन तास होते. पण तिथं त्यांनी काय केलं, कोणतं पुस्तक हातात घेतलं, दिसत नसताना काय पाहिलं त्यात, हे जगात फक्त तुला माहितीये. तू लिहिलं नाहीस तर ते संपलं. मी हे घाबरवायला नाही सांगत, माझं असंच संपलंय म्हणून सांगते, ते पुढे येईलच.

आता वर्गाचं विचारलंयस ते सांगते, कारण तू पाहिलं नाहीस आणि ते पाहण्यासारखं होतं.

मी १९८१ ला एफवायला आले. सकाळची एसटी धरून यायचो आम्ही गावाकडच्या पोरी, पहिलं लेक्चर सरांचं. पत्र्याची खोली, उन्हाळ्यात नुसती भट्टी, बाहेर निंब. सर आले, हजेरी घेतली, काही प्रस्तावना नाही, कवी कधी जन्मला कधी वारला काही नाही, एक कविता वाचली. एकदाच. सावकाश. मग पुस्तक मिटलं आणि विचारलं, समजली? आम्ही सगळे हो. कोण नाही म्हणणार पहिल्या दिवशी. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं, मी तिसऱ्या बाकावर होते, आणि म्हणाले, आते हाई तुनी मायले सांग. आता हे तुझ्या आईला सांग.

वर्गात एकदम शांत. कॉलेजात, लेक्चरला, प्रोफेसरच्या तोंडून अहिराणी, आणि ती पण सातारच्या हेलात. शाळेत आम्हाला अहिराणी बोललं की छडी बसायची रे, अशुद्ध बोलतो म्हणून. मी उभी राहिले, तोंडातून शब्द निघेना. कारण सरांना मी पाठ्यपुस्तकी भाषेत दोन वाक्यं सांगू शकले असते, निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे वगैरे, पण मायला? जिनं दिवसभर वावरात निंदणी केलीये तिला मी काय सांगू की झऱ्याच्या काठी झाड पाण्यात पाय सोडून बसलंय? ती म्हणेल काय लागनं तुले. मी रडायच्या बेतात आले. सर म्हणाले, बस, घाई नाही, उद्या सांग. आणि मी खरंच घरी जाऊन चुलीपाशी बसून मायला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, म्हणजे ते झाड थकेल व्हई. दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं की सर, माय म्हणते झाड थकलं असेल. सर किती तरी वेळ खिडकीतून बाहेर बघत होते. मग म्हणाले, मी सात वर्षं ही कविता शिकवतोय, मला हे सुचलं नव्हतं.

ते मला खूश करायला म्हणाले असतील असं आधी वाटायचं, पण सर खूश करायला काही बोलणारे नव्हतेच. मी पुढे बत्तीस वर्षं शिकवलं ते या एका गोष्टीवर शिकवलं. जे तुमच्या आईला सांगता येत नाही ते तुम्हाला अजून समजलेलं नाही. तुझ्या लेखालाही हेच लाव. तू लिहिलेलं तुझ्या आईला वाचून दाखव, जिनं सरांना पाहिलेलं नाही. तिला सर दिसले तर लेख झाला.

सर अहिराणी कशी शिकले ते तुला माहितीये का? त्यांनीच सांगितलेलं. १९७४ ला नवीन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात हजेरीला एक मुलगा नव्हता, विचारलं कुठं गेला, तर कोणीतरी म्हणालं, तो ते वावरमा गया सर. सरांना वाटलं वावरमा नावाचं गाव आहे, विचारलं, किती लांब आहे इथनं? वर्ग हसला. दुसरा कोणी असता तर चिडला असता. सरांच्या खिशात कोणाची तरी लग्नपत्रिका होती, तिच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी तिथंच लिहिलं, वावर म्हणजे शेत, वावरमा म्हणजे शेतात. तो पहिला शब्द. त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षं ते लिहीतच राहिले, सगळं लग्नपत्रिकांच्या पाठीमागे. पत्रिका कात्रीनं एकसारख्या कापायच्या, एका कागदावर एकच शब्द, अर्थ, कोणी म्हटला, कुठे म्हटला, तारीख, आणि कधीकधी कसा म्हटला ते. रागानं, लाडानं, दमून. मागे उलटवलं की गणपतीची अर्धी सोंड नाहीतर चि.सौ.कां. चा तुकडा. बुटांच्या खोक्यांमध्ये भरून ठेवलेले.

यात सर एका बाबतीत फार काटेकोर होते, आणि तू चुकू नये म्हणून सांगते. स्मरणिकेसाठी एकानं लिहिलंय की सर बहिणाबाईंच्या अहिराणी कविता शिकवायचे. सरांनी हे वाचलं असतं तर खोडलं असतं. बहिणाबाई आसोद्याच्या, त्यांची बोली लेवा गणबोली, ती अहिराणी नाही. आपल्याकडे बाहेरचे लोक खान्देश म्हणजे अहिराणी असं एकच गाठोडं बांधतात. जळगाव, भुसावळ, यावल पट्ट्यात लेवा, धुळे अमळनेर साक्रीकडे अहिराणी, शहादा तळोद्याकडे गुजर बोलतात ती गुजरी, आणि सातपुड्यात चढलं की भिल्ली, पावरी. सर म्हणायचे की ज्याची भाषा आहे त्याला त्याचं नाव द्या, ते तेवढं तरी त्याचं राहू द्या. म्हणून तू लोकांच्या आठवणी गोळा करशील तेव्हा ते जसं बोलतील तसंच लिही. शुद्ध करू नको. कॅन्टीनवाल्या बाबांचं वाक्य प्रमाण मराठीत आणलंस की ते बाबा गेले त्यातून.

हो, गोळा करायला तू जायचंस, हे मी गृहीत धरलंय. नुसता तुझा एक लेख लिहून थांबू नको. आमची पिढी साठीच्या पुढे गेली, आमच्या आधीच्या बॅचचे सत्तरीला टेकलेत. दर चार महिन्यांनी ग्रुपवर कोणाचा ना कोणाचा फोटो हार घालून येतो.

आपल्या भागाला हे लिहून घेण्याचं काम नवीन नाही. सरांचा हा आवडता विषय होता, दर वर्षी एक तास फक्त यावर जायचा. १९३२ ला धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते, समोर कैदी बसलेले, आणि त्यात साने गुरुजी होते. गुरुजींनी ते भरभर लिहून घेतलं म्हणून आज गीता प्रवचनं आपल्याकडे आहेत. सर विचारायचे, त्या दिवशी गुरुजींकडे पेन्सिल नसती तर? त्याच्या आधी १९२४ ते १९३० गुरुजी अमळनेरला शाळेत शिकवत होते, छात्रालयातल्या मुलांसाठी रोज हातानं लिहून एक दैनिक काढायचे, रोज हं, शाळा शिकवून, मुलांची आजारपणं काढून. आणि बहिणाबाई, त्यांना तर लिहिता वाचता येत नव्हतं. जात्यावर, वावरात काम करता करता म्हणायच्या त्या गाण्यांमधली जी हाती लागली ती मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी कागदावर उतरवली. १९५१ ला त्या गेल्या आणि पुस्तक आलं १९५२ ला. आज ज्या विद्यापीठाची डिग्री तू घेतोयस त्याला त्यांचं नाव आहे, पण किती गाणी जात्यापाशीच राहिली असतील याचा विचार केलास का कधी? सर हे सांगताना नेहमी हळू बोलायचे. आणि इतिहासाचार्य राजवाडे. गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यावरची दप्तरं, जुने कागद गोळा करणारा माणूस, १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात गेला, आणि पुढच्याच वर्षी लोकांनी संशोधन मंडळ उभं केलं म्हणून ते कागद राहिले. धुळ्याला गेलास तर जाऊन ये एकदा तिथं. सर दर बॅचला न्यायचे.

आम्हाला अजून एका ठिकाणी नेलं होतं, ते मला आयुष्यभर पुरलंय. १९८३ चा जानेवारी, थंडी मजबूत, आम्ही तेवीस जण पॅसेंजरनं जळगाव, तिथून दुसरी गाडी धरून भादली स्टेशनला उतरलो. छोटं स्टेशन, बघण्यासारखं काही नाही. आम्हाला वाटलं होतं सहल आहे, कोणी कॅमेरा आणलेला. सरांनी फलाटाच्या टोकाला उभं केलं आणि सांगितलं, ठोंबरे धरणगावचे. १९०७ ला जळगावला कवी संमेलन भरलं तेव्हा जेमतेम सोळा-सतरा वर्षांचं पोर, त्याची कविता ऐकून मोठ्या लोकांनी त्याला बालकवी म्हटलं. आणि ५ मे १९१८ ला याच रुळांवर गाडीखाली सापडून तो गेला, अठ्ठाविसावं पण पूर्ण झालं नव्हतं. एवढंच. कविता वाचली नाही. तेवढ्यात भुसावळकडून मालगाडी आली, खूप लांब, डबे संपतच नव्हते, फलाट हादरत होता पायाखाली, कोणी बोललं नाही. गाडी गेल्यावर सर म्हणाले, दशम्या काढा, जेवून घ्या. आणि जेवता जेवता म्हणाले, उद्या लिहून आणा, काय वाटलं ते नको, काय दिसलं ते.

मी रात्री जागून लिहिलं. मला आठवतंय मी लिहिलं होतं की शेवटच्या डब्यात गार्ड उभा होता आणि त्यानं आमच्याकडे पाहून हात हलवला, त्याला माहिती नव्हतं आम्ही कशासाठी उभे आहोत. सरांनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली, पान माझ्याकडे दिलं, बाकी काही बोलले नाहीत.

ते पान आता माझ्याकडे नाही. त्या तीन वर्षांच्या सगळ्या वह्या लग्नानंतर माहेरी माळ्यावर राहिल्या, एका पावसाळ्यात भिंतीला ओल आली, वाळवी लागली, माय गेल्यावर भाऊ म्हणाला ताई ते पोतं टाकून दिलं. एक कॅसेट पण होती, आमच्या शेवटच्या वर्षी एका पोरानं सरांचं आख्खं लेक्चर रेकॉर्ड केलेलं, ती मी जपून ठेवली होती, आणि दिराच्या लग्नात घरातल्या पोरांनी त्यावर बँडचं रेकॉर्डिंग घेतलं. मी कोणाला काही बोलले नाही, काय बोलणार. पण सरांचा भरल्या वर्गातला आवाज आता कुठेही नाहीये. म्हणून मघाशी म्हटलं, माझं असंच संपलंय.

तर जाशील तेव्हा पेन, वही घेऊन जाच, आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग पण कर, विचारून कर. घरी आल्यावर त्याच दिवशी दुसरीकडे कॉपी ठेव, नाव गाव तारीख टाकून. सर कसे होते असं विचारू नको कोणाला, लगेच भाषण सुरू होतं. विचार, सरांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुम्ही कुठे उभे होता? सर रागावले ते कधी? तुमच्या घरी आले होते का, काय खाल्लं? तारखांच्या बाबतीत कोणावर विसंबू नको, माझ्यावर पण नको, कॉलेजच्या लायब्ररीत जुने वार्षिक अंक आहेत त्यात पडताळून बघ. आणि फक्त जे मोठे झाले, कलेक्टर ऑफिसात गेले, पुण्याला प्रोफेसर झाले त्यांच्याकडे जाऊ नको, ते आपणहून लिहितील. लायब्ररीतले मामा आहेत अजून, त्यांच्याकडे जा. एसटी कॅन्टीनवाल्या बाबांकडे जा. सरांच्या घरी ज्या मावशी भांडी घासायच्या त्यांना सरांनी साठीत सही करायला शिकवली, त्यांच्याकडे तर नक्की.

आणि एकाकडे सगळ्यात आधी जा. हे लिहू की नको असा विचार करत होते, पण लिहिते. आमच्या मागच्या बॅचला तापीकाठचा, चोपड्याकडचा एक मुलगा होता. रोज शेवटच्या बाकावर झोपायचा. एक दिवस सरांचा पारा चढला, सरांना राग यायचा, खूप यायचा, ते लपवू नको लेखात, आणि भर वर्गात म्हणाले, झोपायचंच असेल तर घरी झोप की, बापाचे पैसे कशाला नासवतोस. तो उठला, पुस्तक उचललं आणि गेला. आठ दिवस आला नाही. मग शिपायाकडून कळलं की तो रात्री केळीचे ट्रक भरायला जातो, बाप नाहीच त्याला. सर त्याच संध्याकाळी एसटीनं निघाले. रात्री अकराला त्या वावरात पोचले तर बॅटरीच्या उजेडात पोरं डोक्यावर घड घेऊन ओळीनं चाललेली, ट्रकमध्ये खाली केळीची पानं अंथरून वर घड रचणं चाललेलं. सरांनी त्या सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. तो म्हणाला, सर काही हरकत नाही. आणि परत कधी कॉलेजात आला नाही.

हे मला सरांनीच सांगितलं, निवृत्त झाल्यावर, एकदाच. म्हणाले, ज्या वर्गात बोललो त्या वर्गात माफी मागायला पाहिजे होती, मी वावरात जाऊन मागितली, त्याचा काय उपयोग. त्यानंतर झोपलेल्या मुलाला सर कधीही उठवायचे नाहीत, उलट खिडकी लावून घ्यायचे त्याच्या बाजूची. तो मुलगा, आता मुलगा कुठला, नातवंडं असतील, तो आला होता अंत्ययात्रेला. सगळ्यात मागे, चपला हातात घेऊन उभा होता. मी ओळखलं. त्याच्याकडे जा, त्याला बोलू दे, तो जे सांगेल ते जसंच्या तसं घे, सरांना कमीपणा येतो म्हणून एक शब्द गाळू नको. सरांच्या घरच्यांना वाईट वाटेल अशी भीती वाटली तर आधी त्यांना वाचायला दे, पण मला वाटतं सरांनाच ते छापलेलं हवं असतं.

आता खोक्यांचं. सरांच्या मुलीनं मला फोन करून सांगितलं, ताई घर आवरायचंय, बाबांचे ते कागद तुम्ही न्या. सहा खोकी होती, एक रद्दीत गेलं आवराआवरीत, तिला बिचारीला माहिती नव्हतं, पाच माझ्याकडे आलीत. पहिले पंधरा दिवस मी उघडलीच नाहीत. मग एका दुपारी एक उघडलं आणि असेच वरचेवर कागद काढून वाचत होते. बठ्ठा, म्हणजे सगळा. धल्ली, म्हणजे म्हातारी. कथा, म्हणजे कुठे. आणि एक निघाला, मागे पिवळ्या पत्रिकेवरचा अर्धा कलश, आणि सरांच्या बारीक अक्षरात,

आंडेर. मुलगी. हिच्या आईनं दारात, हात मातीचे, ‘मनी आंडेर शिकी गयी ते वावरमा कोण जाई?’ तक्रार नव्हती. अभिमान होता. ७ नोव्हेंबर १९८२.

खाली माझं नाव.

बेटा, त्या दिवसाची मला आठवण आहे. कापूस वेचणीचे दिवस, मी तीन आठवडे कॉलेजला गेले नव्हते, घरात ठरत आलं होतं की आता बस झालं शिक्षण. सर आमच्या दारात उभे राहिले, माय वावरातून आत्ताच आलेली, आणि ती हे वाक्य बोलली. मी आत होते, दाराआडून ऐकलं, आणि मला वाटलं माय नाही म्हणतेय. त्रेचाळीस वर्षं मला वाटत होतं मायचा माझ्या शिकण्याला विरोध होता आणि सरांनी तिची समजूत काढली. सरांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं की तक्रार नव्हती. त्यांना ऐकू आलं जे मला आलं नाही. मायला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तिचा फोटो आहे एक, आवाज कुठेच नाही, आणि तिचं हे एक वाक्य, ती बोलली तसं, लग्नपत्रिकेच्या पाठीमागे जपलेलं मला सर गेल्यावर सापडलं.

अशी पाच खोकी आहेत. किती घरांतल्या किती माया असतील त्यात. एकेक कागद स्कॅन करायचाय, खालची नावं वाचून त्या त्या माणसाला, नाहीतर त्याच्या पोरांना शोधून तो दाखवायचाय, आणि त्यांना विचारायचंय हे कधीचं, काय झालं होतं. मला एकटीला डोळ्यांनी होत नाही आता. तुला सरांचं अक्षर लागतं, तू त्यांची पत्रं वाचायचास.

स्मरणिकेचा लेख आधी संपव, पुढच्या शनिवारपर्यंत मला पाठव, भाव आणि पुस्तकांचा स्टॉल या दोनच गोष्टी लिहिल्यास तरी भरपूर आहे, पानं भरायच्या मागे लागू नको. मग रविवारी सकाळची पॅसेंजर धरून ये. खोकी मी खालच्या खोलीत लाकडी फळीवर काढून ठेवलीत, ओल नाही तिथं, कापूर आणि निंबाचा पाला घातलाय. येताना चार्जर आण आणि तुझ्या त्या मित्राला विचार मोबाईलवर स्कॅन करायचं कोणतं ॲप चांगलं ते. जेवायला इथंच आहेस, कळण्याची भाकरी आणि ठेचा चालत असेल ना? आणि तुझ्या आईला पण घेऊन ये, तिच्या माहेरच्या गावाचे चार-पाच शब्द मी बाजूला काढून ठेवलेत, कोणी म्हटले ते नाव मला लागत नाहीये, तिला कदाचित लागेल.

तुझी,
ताई